नवी नोकरी, नवा मेल आयडी: ऑफिसचे मेल कसे लिहायचे

नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कंपनीचा मेल आयडी मिळतो, पण त्यावरून मेल कसा लिहायचा हे सहसा कुणी सांगत नाही. इंडक्शनमध्ये पीएफचा फॉर्म भरून घेतात, कॅन्टीनची वेळ सांगतात, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं तेही दाखवतात. मेल मात्र येतोच असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मुलांपाशी दोनच सवयी असतात. एक परीक्षेत लिहिलेल्या ‘रिस्पेक्टेड सर’वाल्या अर्जाची आणि दुसरी व्हॉट्सॲपची. ऑफिसात दोन्ही नडतात.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ऑफिसचा मेल ज्याला पाठवलाय त्याच्यापाशी थांबत नाही. तो त्यांच्या साहेबांकडे फॉरवर्ड होतो, साहेब तो अकाउंट्सला ढकलतात, सहा महिन्यांनी ऑडिटर तोच उघडून बसतो. म्हणून लिहिताना डोळ्यांसमोर हा तिसरा माणूस ठेवायचा. त्याला आधीचं काही ठाऊक नाही, त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही आणि त्याला घाई आहे. शिष्टाचाराचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, या माणसाचा विचार केला की ते आपोआप सुचतात.

हा तिसरा माणूस कधी कधी न्यायाधीशही असतो. ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदांत ॲल्युमिनियम यांच्यात ऑक्टोबर 2007 मध्ये बॉक्साइट पुरवठ्याची बोलणी ई-मेलवर झाली. सविस्तर करारावर सह्या व्हायच्या बाकी होत्या, तेवढ्यात व्यवहार फिसकटला. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निकाल दिला की देकार (म्हणजे प्रस्ताव) आणि स्वीकार मेलवरून स्पष्ट झाला होता, त्यामुळे करार झालेला आहे. औपचारिक मसुद्यावर सही नाही म्हणून तो रद्द होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10ए हेच सांगतं: करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणावरून तो अवैध ठरत नाही. तेव्हा व्हेंडरने दर पाठवले की उत्साहात ‘ओके, कन्फर्म्ड’ लिहू नका. ते लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नसेल तर ‘दर मिळाले, मंजुरी घेऊन शुक्रवारपर्यंत कळवतो’ एवढंच लिहा.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक उदाहरण धरू. तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला नवीन आहात. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, येतात. त्यांच्या मे महिन्याच्या एका बिलावर तुमच्या कंपनीचा जीएसटी क्रमांक चुकलाय आणि तो दुरुस्त करून घ्यायचाय. मेल इंग्रजीत लिहा की मराठीत, क्रम तोच राहतो. इथे नमुने मराठीत देतो.

पायरी 1: मेल हवाय का ते ठरवा

गाडी गेटवर उभी आहे, चलन सापडत नाही, अशा वेळी मेल लिहीत बसू नका, फोन उचला. कुणाची तक्रार, कुणाचा पगार, कुणाचं आजारपण अशा नाजूक गोष्टीही आधी समोरासमोर किंवा फोनवर बोलाव्यात. मेल लागतो तो दर, तारीख, प्रमाण, मंजुरी, नकार, बदल अशा गोष्टींना. थोडक्यात, उद्या ‘असं कधी ठरलं होतं?’ असा प्रश्न निघू शकतो अशा प्रत्येक गोष्टीला.

सगळ्यात उपयोगी मेल बहुतेक नवीन लोक लिहीतच नाहीत. तो म्हणजे फोन झाल्यावरचा. फोन ठेवल्याबरोबर चार ओळी टाकायच्या: ‘आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे, 200 नग 14 तारखेला येतील, उरलेले 100 नग 20 तारखेला. वाहतूक खर्च तुमच्याकडे. यात काही वेगळं असल्यास आज संध्याकाळपर्यंत कळवावं.’ समोरच्यावर अविश्वास दाखवतोय असं यात काही नाही. त्यालाही त्याच्या डिस्पॅचवाल्याला दाखवायला कागद मिळतो. व्हॉट्सॲपवर ठरलेल्या गोष्टींनाही हेच लागू. ग्रुपवरचा अंगठा हा पुरावा म्हणून फार लंगडा असतो, आणि जो माणूस नोकरी सोडून जातो त्याच्या फोनबरोबर ती सगळी चॅटही जाते.

पायरी 2: विषयाची ओळ

‘अर्जंट’, ‘हाय’, ‘बिलाबाबत’, ‘रिगार्डिंग इन्व्हॉइस’. असले विषय फाउंड्रीच्या अकाउंटंटला रोज ढिगाने येतात. त्याला नुसता विषय वाचून कळलं पाहिजे की हे कुठल्या कागदाचं आहे, त्याने काय करायचंय आणि कधीपर्यंत:

‘इन्व्हॉइस 1147, 22 मे: जीएसटी क्रमांक दुरुस्त करून हवा, 9 जूनपर्यंत’

जरा लांब झाला तरी चालेल, पण महत्त्वाचे शब्द पुढे घ्या, कारण मोबाइलवर विषयाचा शेपटीकडचा भाग कापला जातो. क्रमांक घातल्याचा आणखी एक फायदा आहे. पुढे वर्षभराने कुणी ‘1147’ शोधलं की हा मेल पुढ्यात येईल. ‘अर्जंट’ हा शब्द महिन्यातून एखाद्या वेळेलाच वापरा. रोज वापरणाऱ्याचा अर्जंट कुणी वाचत नाही.

एका मेलमध्ये एकच काम ठेवा. त्याच फाउंड्रीकडून टीसीही हवंय, म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट, तर तो वेगळा मेल. दोन्ही एकत्र लिहिलं की एकाचं उत्तर येतं आणि दुसरं विसरलं जातं. आणि जुन्याच मेलच्या साखळीवर नवा विषय सुरू करायचा असेल तर विषयाची ओळ बदला. ‘रिप्लाय: दिवाळी गिफ्ट यादी’ या नावाखाली मशीनच्या बिघाडाची चर्चा चाललेली मी पाहिली आहे.

पायरी 3: टू, सीसी, बीसीसी

टूमध्ये तो माणूस, ज्याने काम करायचंय. शक्यतो एकच. तिघांना टूमध्ये घातलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. दोघांची वेगवेगळी कामं असतील तर मजकुरात नावं घेऊन कामं वाटून द्या.

सीसीत ज्यांना नुसतं माहीत असायला हवं ते. आपल्याकडे सीसीचा वापर हत्यारासारखा होतो. समोरच्याने एक दिवस उत्तर दिलं नाही की त्याच्या साहेबांना सीसीत घालायचं. काम कदाचित होतं, पण तो माणूस ते विसरत नाही, आणि पुढचं वर्षभर तुमची बिलं सगळ्यात खाली राहतात. साहेबांना घ्यायची वेळ आलीच तर आधी त्या माणसाला फोन करून सांगा: ‘उद्यापर्यंत झालं नाही तर मला सरांना कळवावं लागेल, माझ्यावरही वरून विचारणा आहे.’ निम्म्या वेळा काम तिथेच होतं.

बीसीसीतली नावं बाकीच्यांना दिसत नाहीत. तिचा खरा उपयोग एकाच वेळी अनेक बाहेरच्या लोकांना मेल जातो तेव्हा. दहा व्हेंडरांकडून कोटेशन मागवताना सगळ्यांना टूमध्ये टाकलंत तर प्रत्येकाला कळतं की स्पर्धेत कोण आहे, आणि दहा जणांचे पत्ते फुकट वाटले जातात ते वेगळंच. चोरून साहेबांना बीसीसी ठेवायची सवय मात्र लावून घेऊ नका. साहेबांनी मोबाइलवरून सहज ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की तुमची हुशारी सगळ्यांपुढे उघडी.

रिप्लाय ऑलबद्दल सांगायचं तर, इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्य सेवेत नोव्हेंबर 2016 मध्ये चाचणीसाठी टाकलेला एक मेल चुकून आठ लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या यादीला गेला. त्यावर ‘मला या यादीतून काढा’ अशी उत्तरं लोकांनी सगळ्यांनाच पाठवली आणि सगळी मेल सेवा रेंगाळली. आपल्या ऑफिसात इतकं होणार नाही, पण एचआरच्या वाढदिवसाच्या मेलवर तीनशे जणांना ‘हॅपी बर्थडे’ पाठवणारे तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटतील. शुभेच्छा द्यायच्या तर त्या माणसाला एकट्याला द्या.

पत्ता भरण्याचं काम सगळ्यात शेवटी करा. मजकूर झाला, फाइल जोडली, वाचून झालं, मग टू भरायचं. अर्धवट मेल सुटायचा धोकाच उरत नाही.

पायरी 4: सुरुवात कशी करायची

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त चाचपडतो. आयटीत आणि बाहेरच्या देशांशी काम करणाऱ्या कंपन्यांत वरिष्ठांनाही पहिल्या नावाने हाक मारायची रीत असते, तिथे ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलंत तर लोक हसतात. उलट सहकारी बँकेत, साखर कारखान्यात, कौटुंबिक उद्योगात सत्तरीच्या मालकांना ‘हाय’ आणि नाव लिहिलंत तर ते हसणार नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. त्या माणसाने स्वतःच्या मेलखाली काय नाव लिहिलंय ते बघा. फक्त पहिलं नाव असेल तर तुम्हीही ते वापरू शकता. पूर्ण नाव आणि हुद्दा असेल तर ‘नमस्कार पाटील साहेब’ किंवा ‘नमस्कार कुलकर्णी मॅडम’. शंका असेल तेव्हा थोडं जास्त अदबीने लिहिलेलं बरं, ते खाली आणायला सोपं असतं.

बायकांना लिहिताना सौ. किंवा कु. लावू नका. त्यांचं लग्न झालंय की नाही याच्याशी त्या इन्व्हॉइसचा संबंध नाही. सरकारी पत्रात सर्व स्त्रियांना श्रीमती लिहितात, पण आपल्याकडे अनेक घरांत श्रीमती हे विधवेच्या नावाआधी लावतात, त्यामुळे खासगी व्यवहारात काही जणींना ते खटकतं. मॅडम किंवा नुसतं पूर्ण नाव हा सुरक्षित मार्ग. नावावरून बाई की बुवा कळत नसेल तरीही पूर्ण नावच लिहा. आणि नावाचं स्पेलिंग त्यांच्या मेलमधून उचलून चिकटवा, स्वतःच्या अंदाजाने नको.

नमस्कारानंतर ‘आशा आहे हा मेल मिळेल तेव्हा आपण कुशल असाल’ असलं वाक्य हल्ली चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या प्रत्येक मेलमध्ये सापडतं. कोल्हापूरचा फाउंड्रीवाला ते वाचून गोंधळेल. तो भाग काढून टाका. चॅटबॉटची मदत घ्यायला हरकत नाही, पण ग्राहकाची नावं, दर, बँकेचे तपशील त्यात घालण्याआधी कंपनीचा नियम विचारा, आणि जे वाक्य तुम्ही तोंडाने बोलणार नाही ते पाठवू नका.

पायरी 5: मजकूर

पहिल्या दोन ओळींत काय झालंय आणि काय हवंय. बाकी सगळं त्याच्या खाली. शाळेत आपल्याला पार्श्वभूमी, मग कारणं, मग शेवटी विनंती असं शिकवलं. ऑफिसात तोच क्रम उलटा धरायचा, कारण वाचणारा तिसऱ्या ओळीनंतर असेलच याची खात्री नाही.

‘नमस्कार सर,

22 मे रोजीच्या इन्व्हॉइस क्र. 1147 वर आमचा जीएसटी क्रमांक चुकीचा छापला गेला आहे. कृपया दुरुस्त इन्व्हॉइस 9 जूनपर्यंत पाठवाल का?

चूक शेवटच्या तीन अक्षरांत आहे. योग्य क्रमांक आमच्या पर्चेस ऑर्डर क्र. 305 वर आहे, तिची प्रत सोबत जोडली आहे.

11 जूनच्या आत आपलं जीएसटीआर-1 भरलं जाईल. त्यात चुकीचा क्रमांक गेला तर या बिलाचं क्रेडिट आम्हाला 14 तारखेच्या 2बीमध्ये दिसणार नाही आणि आपलं पेमेंट थांबेल. म्हणून 9 तारीख दिली आहे.

काही अडचण असल्यास खालील मोबाइलवर कळवावं.’

(जीएसटीआर-1 म्हणजे विकणाऱ्याने भरायचं विक्रीचं विवरणपत्र, आणि 2बी म्हणजे त्यावरून घेणाऱ्याला दिसणारं कराच्या क्रेडिटचं पत्रक.) यात तारखेचं कारण दिलंय ते मुद्दाम. ‘लवकरात लवकर’ म्हटलं की माणूस स्वतःच्या सोयीने ठरवतो. कारण आणि तारीख दोन्ही दिली, आणि त्यात त्याचंही पेमेंट अडकणार हे दिसलं, की काम पुढे सरकतं. दुसरं म्हणजे ‘तुम्ही चूक केली’ असं कुठेही नाही. ‘चुकीचा छापला गेला आहे’ एवढ्याने भागतं. आणि तिसरा माणूस? फाउंड्रीवाल्याने हा मेल त्याच्या टॅक्स कन्सल्टंटला जसाच्या तसा पुढे ढकलला तरी कन्सल्टंटला काहीही विचारावं लागणार नाही. ‘काल बोललो त्याप्रमाणे ते करून द्या’ या मेलचं तसं होत नाही.

याच कारणासाठी ‘काइंडली डू द नीडफुल’वर माझा राग आहे. त्यात विनंती आहे, अदब आहे, फक्त काय करायचं ते नाही.

ठळक अक्षरं, लाल रंग, पिवळा हायलाइट यांतलं एखादंच, तेही तारखेला किंवा रकमेला. इंग्रजीत लिहिताना सगळी अक्षरं कॅपिटल नकोत. 1995 च्या आरएफसी 1855 या इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या नियमावलीतही कॅपिटल अक्षरं म्हणजे आरडाओरडा असं म्हटलं होतं, आणि तीस वर्षांत त्यात फरक पडलेला नाही. त्याच नियमावलीत सही साधारण चार ओळींपेक्षा मोठी नको असाही सल्ला आहे. नाव, हुद्दा आणि विभाग, कंपनी, मोबाइल. झाल्या चार ओळी. सुविचार, फुलं आणि ‘कागद वाचवा’चं हिरवं झाड यांना जागा उरत नाही, हे बरंच आहे.

पायरी 6: फाइल जोडताना

फाइलचं नाव तिसऱ्या माणसाच्या दृष्टीने ठेवा. ‘स्कॅन0043’ किंवा ‘फायनल-फायनल-नवीन’ हे तुमच्या संगणकावर ठीक, दुसऱ्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये त्याला काही अर्थ नाही. ‘पीओ-305-कास्टिंग-मे’ असं काहीतरी हवं. नोकरीच्या अर्जात तर हे फारच महत्त्वाचं. एचआरकडे ‘रेझ्युमे’ नावाच्या शेकडो फाइली असतात. फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि पद घाला, पीडीएफ करून पाठवा, आणि मेलचा मजकूर कोरा ठेवू नका: कुठल्या पदासाठी, किती अनुभव, कधी रुजू होता येईल, एवढं तीन ओळींत.

जीमेलवर 25 एमबीपर्यंतची जोडणी चालते, पण अनेक कंपन्यांचे सर्व्हर त्याहून कमी घेतात. शिवाय मेलमधून जाताना फाइल साधारण एक-तृतीयांशाने फुगते, त्यामुळे 10 एमबीची मर्यादा असलेल्या ठिकाणी 8 एमबीची फाइलही परत येते. मोठी ड्रॉइंग लिंकने पाठवा. लिंक दिल्यावर ती ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत स्वतः उघडून बघा, नाहीतर समोरच्याला फक्त परवानगी मागण्याचं पान दिसतं आणि एक दिवस जातो. पगाराच्या किंवा ग्राहकांच्या याद्यांना पासवर्ड लावा आणि तो त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

पायरी 7: सेंड दाबण्याआधी आणि नंतर

एकदा वाचा, आणि वाचताना नाव, आकडा, तारीख, वार, जोडणी एवढंच तपासा. ‘मंगळवार 11 जून’ लिहिलंय आणि 11 ला बुधवार आहे, अशा मेलवर पुढे चार मेल खर्ची पडतात. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ची मुदत मुळात 5 सेकंद असते, ती 30 करून ठेवा. आउटलुकमधल्या ‘रिकॉल’वर विसंबू नका. तो तुमच्याच कंपनीच्या आत चालला तर चालतो, बाहेर गेलेला मेल गेलाच.

उत्तर आलं नाही तर दोन कामाच्या दिवसांनी त्याच साखळीवर आठवण करा. नवा मेल लिहू नका, म्हणजे आधीचा मजकूर खाली राहतो. ‘जेंटल रिमाइंडर’ एवढंच लिहून पाठवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. त्या माणसाला परत खाली जाऊन सगळं वाचावं लागतं. ‘इन्व्हॉइस 1147 ची दुरुस्त प्रत अजून मिळाली नाही, 9 तारीख परवा आहे’ असं लिहा. दुसऱ्या आठवणीनंतर फोन. तुम्हाला मेल आला आणि उत्तराला वेळ लागणार असेल, तर ‘मिळाला, गुरुवारपर्यंत कळवतो’ एवढी पोच त्याच दिवशी द्या. रजेवर जाताना, गणपतीला गावी म्हणा किंवा दिवाळीला, ऑटो रिप्लायमध्ये परत यायची तारीख आणि दरम्यान कुणाशी बोलायचं त्याचं नाव हवं. आणि त्या माणसाला ते आधी सांगितलेलं हवं.

रागाचा मेल

कधीतरी असा मेल येतो की वाचून कानशिलं तापतात. उत्तर जरूर लिहा, पण टू रिकामं ठेवून. आरएफसी 1855 चा सल्ला इथेही लागू पडतो: भावनेच्या भरातलं उत्तर रात्रभर थांबवा. सकाळी त्यातली विशेषणं काढा. ‘आपण नेहमीच उशीर करता’ याऐवजी ‘12, 19 आणि 27 एप्रिलच्या तिन्ही खेपा दोन दिवस उशिरा आल्या’. पहिल्या वाक्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर होऊ शकत नाही. आपल्या बाजूने चूक झाली असेल तर क्षमा एका वाक्यात, बरोबर आकडा दुसऱ्यात, आणि आधीची फाइल वापरू नये हे तिसऱ्यात. पानभर दिलगिरीत खरा आकडा हरवून जातो.

परदेशी मेल

पुण्यातून जर्मनी, जपान, अमेरिका अशा तिन्हीकडे मेल जातात. 03/04 ही तारीख आपण 3 एप्रिल वाचतो, अमेरिकन माणूस 4 मार्च. महिना अक्षरांत लिहा. 12,50,000 मधले स्वल्पविराम तिकडे छपाईची चूक वाटतात, लाख-कोटीऐवजी 1,250,000 किंवा 1.25 मिलियन लिहा. बैठकीची वेळ देताना दोन्हीकडची द्या: ‘भारतीय वेळ दुपारी 3.30, जर्मनीत सकाळी 11’. पण हे हिवाळ्यात. मार्चअखेर जर्मनीची घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरअखेर मागे येतात, तेव्हा हिशोब बदलतो. ‘ईओडी’, म्हणजे ‘दिवसअखेरपर्यंत’, लिहिलंत तर कुणाचा दिवस, हा प्रश्न येतोच.

जर्मन माणसाने स्वतःहून सुचवेपर्यंत हेर किंवा फ्राऊ आणि आडनाव, आणि डॉक्टरेट असेल तर तीही सोडू नका. जपानी माणसाच्या आडनावाला सान लावा, स्वतःच्या नावाला कधीही नाही. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानात गोल्डन वीकच्या सुट्ट्या असतात, त्या आठवड्यात तिकडून उत्तराची वाट बघत तारखा ठरवू नका.

सरकारी कार्यालयाला मराठीत

महावितरण, महापालिका, उपनिबंधक कार्यालय यांना लिहायचं तर मराठीतच लिहा, आणि इथे आपला जुना पत्राचा साचा अजून उत्तम चालतो: प्रति, विषय, संदर्भ, महोदय किंवा महोदया, मजकूर, आपला किंवा आपली विश्वासू, आणि खाली ‘सोबत’ म्हणून जोडलेल्या कागदांची यादी. यातला ‘संदर्भ’ सर्वात मोलाचा. त्यांच्या आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक घातला की फाइल सापडते. महावितरणला 12 अंकी ग्राहक क्रमांक विषयातच द्या.

टाइप करताना युनिकोड वापरा. ऑफिसातल्या जुन्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला तर पलीकडे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तसा मजकूर असेलच तर पीडीएफ करून जोडा. आणि मेल गेला म्हणजे अर्ज पोचला असं धरू नका. त्याचीच छापील प्रत आवक-जावक टेबलावर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन ठेवा.

खातं बदललं, असा मेल आला तर

अकाउंट्समध्ये असाल तर हे पहिल्याच दिवशी समजून घ्या. फाउंड्रीच्या नावाने मेल येतो: आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या खात्यावर करा. लोगो तोच, सही तीच, कधी खऱ्या मेलच्या साखळीवरच आलेला असतो, पत्त्यात फक्त एखादं अक्षर मागेपुढे. शेवटी ‘आजच करा’ अशी घाईही असते. साहेबांच्या नावाने ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, एवढे पैसे लगेच पाठव’ असाही येतो. अशा वेळी शिष्टाचार म्हणून संकोच करू नका. खात्रीसाठी फोन केला म्हणून खऱ्या व्हेंडरला राग येत नाही. त्या मेलला रिप्लाय करून विचारू नका, कारण उत्तर देणाराही तोच भामटा असेल. पैसे गेलेच तर लगेच आपल्या बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तिथे जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकत जाते. आणि व्हेंडरला फोन लावताना नंबर त्या मेलमधला घेऊ नका, जुन्या पर्चेस ऑर्डरवर असेल तोच लावा.